ज्याच्या त्याच्या दमाची कमान

मास्तर दुकानाच्या पायरीवर दिसले की मी आधी प्रिंटर बंद करायची. नाहीतर कागदाचा निम्मा गठ्ठा गेलाच म्हणून समजा. आमचं दुकान वाशीमला, कोर्टाच्या रस्त्यावर. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. गिऱ्हाईक येतं, मजकूर सांगतं, फोटो देतं आणि काम झालं की जातं. मास्तर यायचे ते मुक्कामालाच. प्लास्टिकची खुर्ची उलटी करायची, तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकायचे, पंखा बंद करायला लावायचा आणि म्हणायचं, "हं पोरी, काढ कमान."

पंखा मे महिन्यातही बंद. अंगात बँडचा लाल कोट, त्याची सोनेरी झालर काळी पडलेली, खाली पायजमा आणि स्लीपर. पंख्याशी काय वैर आहे म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, "दिवसभर वारा घालून राह्यला, एक तरी सूर निंगते का त्यातून? फुकटचा वारा मले पाहवत नाई."

तरुणपणी ते लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. पाच रेघांवर सूर लिहायची इंग्रजी पद्धत तिथे शिकले आणि नोकरी संपल्यावर गावी येऊन लग्नाच्या बँडचे मास्तर झाले. माझी-त्यांची गाठ पडली तोवर बँडचं संपत आलं होतं. ढोलताशेवाले डीजेच्या गाडीवर गेले, बाकीचे पुण्याला वॉचमन झाले. उरले ते क्लॅरिनेटवाले, मास्तर धरून पाच म्हातारे. त्यांना लग्नाला कुणी बोलवत नव्हतं, पण मास्तर मात्र बोलावणं आल्यासारखे कोट घालून फिरत.

त्यांचा हात कापायला लागला होता, म्हणून ते माझ्याकडे आले. हाताने लिहिलेलं कुणाला वाचता येईना. सुरुवातीला मी पत्रिकेला वेलबुट्टी काढावी तसं त्यांचं संगीत चित्र म्हणून काढत होते. मग नोटेशन लिहायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं, व्हिडिओ बघून बघून शिकले. शिकून पस्तावले म्हणायला हरकत नाही, कारण त्यानंतर मास्तरांना रानच मोकळं झालं.

कमान म्हणजे काय ते सांगून टाकते. रेघांवर सुरांचे टिपके असतात, मास्तर त्यांना दाणे म्हणत. काही दाण्यांच्या डोक्यावरून एक बाकदार रेघ जाते, तिला इंग्रजीत स्लर म्हणतात. ती जिथून उठते तिथपासून जिथे उतरते तिथपर्यंतचे सगळे सूर एका फुंकेत वाजवायचे, मध्ये तोडायचे नाहीत. कमान उतरली की दम घ्यायचा. मास्तरांच्या बँडचा तेवढा एकच कायदा होता.

सॉफ्टवेअर आपल्या मनाने कमान टाकतं आणि ती बरी दिसते. मास्तरांना बरी चालत नसे. कमानीवर क्लिक केलं की तिच्यावर बारके बारके चौकोन उमटतात. टोकाचा चौकोन धरून ओढला की टोक सरकतं, मधला धरून उचलला की पोट वर येतं. मी ते चौकोन धरून बसायची आणि मास्तर माझ्या खांद्यावरून बघत असायचे. "टोक पाह्य, दोन दाण्यायच्या मधात लोंबून राह्यलं. वाजवणारा काय समजन? एक जण या दाण्यावर दम घेईन, दुसरा त्या. खाली उतरव." मी उतरवायची. "आता पोट दाण्याच्या दांडीले घासून राह्यलं. उचल." उचलायची. "लय उचललं. मांडव आहे का हा?" कधी ओळ संपायची आणि कमान अर्धी वर, अर्धी खालच्या ओळीत अशी तुटून यायची. तेव्हा तर ते खुर्चीवरून उठतच. "इथं मेली आन् खाली जित्ती झाली? असं कोठी असते काय वं?" मग सगळी ओळ दाबूनदुबून मी ती कमान एकाच ओळीत बसवायची.

झालं की प्रिंट. प्रिंट समोरच्या भिंतीला चिकटवायची आणि स्वतः रस्त्यावर जाऊन तिथल्या तिथे पाय आपटत, कवायत करत लांबून बघायचं. कारण वाजवणारा चालत असतो, कागद वाद्याच्या चिमट्यात हलत असतो, आणि टोक हलतानाही दिसलं पाहिजे. ऑटोवाले हॉर्न मारून थकायचे. एकाने तर ओरडून सांगितलं, "ओ मास्तर, मरसान ना!" तर मास्तर त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "थांब बावा, टोक दिसते का ते पाहून राह्यलो."

माणसाची किंमत ते दमावरून करत. पायऱ्या चढून कुणी आलं की कान टवकारायचे. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला म्हणाले, "माणूस चांगला हाय, पण अर्ध्या ओळीचा." शेजारच्या वकिलांना तर तोंडावर सांगितलं, "साहेब, तुमी चुकीच्या जागी दम घेता. जज ऐकून राह्यला असते, आन् तुमी नेमके तवाच थांबता. म्हून केस जाते." वकीलसाहेब आठवडाभर माझ्याकडे टायपिंगला आले नाहीत. पण नंतर एकदा मी त्यांना कोर्टाच्या व्हरांड्यात एकटेच पुटपुटत, दम मोजताना पाहिलं, आणि खरंच हसू आलं.

क्लॅरिनेटवाल्यांना तंबाखू बंद. भेटल्या भेटल्या "तोंड उघड" म्हणायचे आणि बैलाचे बघावेत तसे दात बघायचे. देवरावभाऊंचे पुढचे दात पडले तेव्हा मास्तर स्वतः त्यांना अकोल्याला घेऊन गेले आणि कवळी बसवून आणली. देवरावभाऊंचा गावाबाहेर वांग्या-मेथीचा मळा आहे. ते सांगायचे, "कवळी बसली तर घरचे म्हणे भाकर खाऊन पाहा. मास्तर म्हणे आधी फुंकून पाह्य."

एक गोष्ट मला कळत नव्हती. पाचही जण तीच चाल वाजवायचे, दाणे तेच, आणि कमानी मात्र प्रत्येकाच्या कागदावर वेगळ्या. एका दुपारी वैतागून मी म्हटलं, "मास्तर, एकाची काढते आन् बाकीच्यायले तीच चिकटवते. एका मिनिटात होते. कायले जीव काढता माहा?"

मास्तर उठले. वकील, चहावाला आणि दाखल्यासाठी आलेली एक बाई अशा तिघांना त्यांनी माझ्या शेजारी रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "आ लावा. मी खांद्याले हात लावीन त्यानंच दम घ्यायचा, बाकीच्यायनं नाई." आम्ही येड्यासारखे आ लावून उभे. मास्तरांनी आधी वकिलांच्या खांद्याला हात लावला, मग माझ्या, मग त्या बाईच्या. एक थांबायचा तेव्हा बाकीचे चालू असायचे. आवाज काही केल्या थांबेना. रस्त्यावरची माणसं थांबली. मग त्यांनी चौघांना एकदम खूण केली, आणि आमचा सगळ्यांचा दम एकदम गेला. दुकान गपकन रिकामं झाल्यासारखं वाटलं, आणि त्या रिकाम्या जागेत कोपऱ्यावरच्या भेळवाल्याचं उलथनं ऐकू आलं.

"ही फट," मास्तर म्हणाले. "सारखी कमान टाकली की ही फट पडते. म्हून ज्याच्या त्याच्या दमाची कमान."

ती बाई गेल्यावर त्यांनी चहा मागवला आणि आपणहून सांगितलं. ही चाल लग्नाची नव्हती. बँडमधला कुणी गेला की त्याला घरापासून घाटापर्यंत पोचवायची होती, मास्तरांनी स्वतः बसवलेली. तिच्यात एक लांब ओळ होती, चढत चढत जाऊन सावकाश उतरणारी. ती कुणा एकाच्या दमात बसत नाही.

"माही बायको गेली तवा बँड मंगरूळपीरले लग्नात होता," ते म्हणाले. "सुपारी घेतली होती, मोडता येत नव्हती. मी एकटाच आलो, एकट्यानंच वाजवलं. लांब ओळीत दम संपला. घेतला. तेवढ्यात मांगून एक जण बोलला, लाकडं वल्ली दिसून राह्यली, राकेल लागीन. तिनं ऐकलं ते."

मला राहवलं नाही. "मेलेलं माणूस ऐकते का मास्तर?"

"मी ऐकलं ना," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी प्रिंटर बंद करणं सोडलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या पाच जणांतल्या कुणालाही पोचवताना ती ओळ तुटता कामा नये. मागे चालणाऱ्यांनी काय वाटेल ते बोलावं, सुराचं त्याच्यावर झाकण पाहिजे. म्हातारपणी माणसं देवदर्शन मागतात, मुलाचं बस्तान मागतात. या माणसाला ही एक ओळ हवी होती, आणि ती माझ्या कॉम्प्युटरवर होती.

दम काही कायमचा एकसारखा राहत नाही. अनसिंगचे विठ्ठलभाऊ दरसाल वीटभट्टीवर जायचे आणि परत आले की खोकत यायचे. मग त्यांच्या कमानी लहान करायच्या आणि तेवढा भार मारोतीभाऊंवर टाकायचा. मारोतीभाऊ बसस्टँडवर हमाली केलेले, त्यांची छाती म्हणजे कोठार होतं, त्यांच्या कमानी सगळ्यात लांब. पण पहिले गेले तेच.

मारोतीभाऊ गेले त्या सकाळी मास्तर दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसले होते. चौघांचे कागद नव्याने काढायचे होते. डोळे पुसत नव्हते की काही नाही, नुसतं "याचं टोक पुढं घे, त्याचं मांगं घे" चाललं होतं. विठ्ठलभाऊंच्या कमानी त्यांनी अगदीच आखडून टाकल्या. मी म्हटलं, "आता तर त्यायचा खोकला बरा हाय." मास्तर म्हणाले, "मारोती न् तो एका ताटात जेवत होते. रडणाऱ्याचा दम अर्धा असते."

आणि तरीही ओळ तुटली. मी कोपऱ्यापर्यंत गेले होते ऐकायला, आमच्याकडे बायका पुढे घाटावर जात नाहीत. लांब ओळ चढत गेली आणि शेंड्यावर आवाज एकदम विरला. फटीत कुणीतरी मोबाईलवर बोलत होतं, सोयाबीनच्या भावाचं. झालं असं होतं की विठ्ठलभाऊंनी आपला कागद घेतलाच नव्हता. त्यांनी मारोतीभाऊंचा जुना कागद चिमट्याला लावला होता, लांबच लांब कमानींचा. आणि भरल्या गळ्याने ते त्या ओढायला गेले होते.

मास्तरांनी परत येताना त्यांना माझ्याच दुकानासमोर थांबवलं. "हा कागद कोणाचा?"

"मारोतीचा," विठ्ठलभाऊ म्हणाले.

"काहून घेतला?"

"त्याचंच त्याले वाजवून दाखवा असं वाटलं. त्याची कमान कोणीच वाजवणार नाई म्हणल्यावर... मले नाई पाहवलं मास्तर."

मला वाटलं आता हे त्यांना फाडून खातील. मास्तरांनी तो कागद घेतला, चार घड्या घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि विठ्ठलभाऊंच्या पाठीवर हात ठेवून दोघं निघून गेले. बरेच दिवस आले नाहीत. आले ते एकच विचारायला. "पोरी, कमान तुटक येते का? शिवणीच्या टाक्यासारखी?"

येते. कमानीवर क्लिक करून रेघेचा प्रकार बदलला की ती तुटक होते. मी करून दाखवली. मास्तर म्हणाले, "मंग मेलेल्याची कमान पुसायची नाई. सगळ्यायच्या कागदावर ती तुटक टाक. म्हणजे कोणाले त्याचा कागद उचला लागणार नाई." तेव्हापासून प्रत्येकाच्या कागदावर स्वतःच्या कमानी भरीव आणि मारोतीभाऊंच्या त्यांच्यावरून गेलेल्या, तुटक. दोन्ही एकमेकींना खेटू नयेत म्हणून पुन्हा तेच चौकोन धरून बसणं आलं. या वेळी मी कुरकुरले नाही.

दुसरे गेले मंगरूळपीरचे बाबूचाचा. शिंपी होते, बँडचे सगळे कोट त्यांच्या हातचे. मुलाने हात जोडून सांगितलं की आमच्यात जनाजाला वाजवत नाहीत. मास्तर म्हणाले, "बरोबर हाय बेटा. नाई वाजवत." मी चाचीजवळ बसायला गेले होते, खिडकीतून गल्लीचं तोंड दिसत होतं. तिथे तिघे जण लाल कोटात उभे होते, क्लॅरिनेट छातीशी धरून. जनाजा निघाला तशी त्यांची बोटं चालू लागली. तोंड वाद्याला लावलं नव्हतं. नुसती बोटं फिरत होती, आणि छाती एकाची आता वर यायची, दुसऱ्याची मग. ज्याच्या त्याच्या कमानीप्रमाणे ते दम घेत होते. चाचीने विचारलं, "क्या कर रहे वो लोग?" मी म्हटलं, "बजा रहे चाची." ती म्हणाली, "अच्छा." आणि मग इतका वेळ कोरडी बसलेली ती बाई रडली.

विठ्ठलभाऊ भट्टीवरच गेले, लांब, परमुलखात. तिकडेच उरकलं, इकडे फोन आला तेवढाच. पोचवायला काही नव्हतंच. मास्तर आणि देवरावभाऊ वाशीमच्या रेल्वे स्टेशनवर जाऊन रुळांकडे तोंड करून वाजवून आले, कारण विठ्ठलभाऊ दरवर्षी तिथूनच जायचे. दोघांवर ती ओळ म्हणजे दोघा म्हाताऱ्यांनी धान्याचं पोतं उचलण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तर आले तेव्हा ओठ फुटलेला होता. "तुटली नाई," एवढंच म्हणाले.

मला भीती वाटायला लागली होती. हे कुठे चाललंय ते दिसत होतं. म्हणून मी एकदा आपली हुशारी काढली. सॉफ्टवेअर लिहिलेलं वाजवूनही दाखवतं. मी लांब ओळ स्पीकरवर लावली. एक फट नाही, एक खरखर नाही, कितीही वेळ चालवा. म्हटलं, "मास्तर, काळजीच मिटली. मोबाईलमध्ये टाकून देते, डीजेच्या पेटीवर लावता येईन."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हा दम कोठी घेते?"

"घेतच नाई."

"मंग कोण मेलं हे त्याले काय समजन?" आणि आपल्या कापऱ्या बोटाने त्यांनीच ते बंद केलं.

मास्तर शेवटचे आले ते दुपारचेच. देवरावभाऊंनी मोटारसायकलवर आणलं होतं. लाल कोट आता त्यांच्यावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. छातीत काय काय झालं होतं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांनी मला सांगितलं नाही. फक्त हसत म्हणाले, "दम ओढायचं खेळणं देलं डॉक्टरनं. त्यात तीन गोळ्या हायेत. माही एकच वर जाते. बाकीच्या पाहतात माह्याकडे." मी पंखा बंद करायला उठले तर म्हणाले, "राहू दे. लागते आता."

मग खुर्ची सरळच ठेवून बसले आणि म्हणाले, "एक कागद काढ. देवरावचा. मोठ्या अक्षरात, त्याले दिसत नाई."

मी देवरावभाऊंच्या कमानी भरीव केल्या, मारोतीभाऊ, बाबूचाचा, विठ्ठलभाऊ यांच्या तुटक. मास्तरांच्या तशाच ठेवल्या.

"माही तुटक कर."

"मास्तर, तुमी हाय अजून."

"ज्या दिवशी हा कागद लागीन, त्या दिवशी नाई."

मला काही केल्या क्लिक करवेना. शेवटी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, माउस दोघांच्या हातात, आणि तो हात असा कापत होता की बाण भलतीकडेच जात होता. कशीबशी ती तुटक झाली. मग ते देवरावभाऊंच्या कमानींकडे वळले आणि एकेक टोक मागे घ्यायला लावू लागले. देवरावभाऊंचा दम मला पाठ होता, तो एवढा लहान नव्हता. मी तसं म्हटलंही. मास्तर चिडले. "सांगतलं तेवढं कर." देवरावभाऊ बाहेर मोटारसायकलजवळ पाठ करून उभे होते. आता भरीव कमानींच्या मधल्या जागा भल्या मोठ्या झाल्या, पण वरून कुणा ना कुणाची तुटक कमान गेलेली होती. कागदावर ओळ कुठेच तुटत नव्हती.

"तुटक आली की त्यानं थांबायचं," मास्तर म्हणाले. "घाई नाई करायची. तेवढा येळ आमचा."

भिंतीला लावून बघायला त्यांना रस्त्यावर जाता आलं नाही. मी गेले, पाय आपटत कवायत केली आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "दिसते मास्तर, टोकं दिसतात!" ऑटोवाल्यांपैकी कुणी हॉर्न मारला नाही.

ते गेले तेव्हा देवरावभाऊ माझ्या घरी आले. मोठ्या अक्षरातला कागद चिमट्यात मावत नव्हता. "कोणी धरला पाहिजे समोर," ते म्हणाले. "पोरायले काही समजत नाई त्यातलं." सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणूस घाटावर?" देवरावभाऊंनी त्यांच्याकडे बघून शांतपणे विचारलं, "मंग कागद कोण धरीन माय?" सासूबाई आत निघून गेल्या. मी चप्पल घातली.

बँड पुढे असतो आणि तिरडी मागे. मी देवरावभाऊंच्या तोंडासमोर कागद धरून उलटी चालत होते, म्हणजे माझं तोंड तिरडीकडे. देवरावभाऊंच्या खांद्यावरून मला सगळा रस्ता मास्तर दिसत होते. लाल कोट त्यांच्या अंगावर पसरला होता. नवरा मागून माझा दंड धरून खड्डे सांगत होता.

लांब ओळ आली. देवरावभाऊंची कमान उतरली आणि ते थांबले, सांगितलं होतं तसे. वर विठ्ठलभाऊंची तुटक, मग मास्तरांची. चपलांचा आवाज येत होता. आणि मग मागून एक जण दुसऱ्याला म्हणाला, "चारची एसटी भेटीन ना आपल्याले?"

माझं डोकंच फिरलं. काय करतेय ते न कळता मी आ लावला. मास्तरांनी दुकानात लावायला शिकवला होता तसाच. सूर बरोबर होता की नव्हता, देव जाणे. माणसं दचकून गप्प झाली. मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते आणि तुटक कमान अजून बरीच उरली होती, आणि मला रडू फुटलं. टोकापर्यंत पोचलेच नाही. मध्येच तुटले. पुन्हा चपला वाजल्या, आणि मग देवरावभाऊंनी पुढची कमान उचलली. ती त्यांना जेमतेम पुरली. तेव्हा मला समजलं की मास्तरांनी ती एवढी लहान का करून घेतली होती.

या गोष्टीला फार दिवस झाले नाहीत. परवा देवरावभाऊ दुकानात आले. मेथीची जुडी टेबलावर ठेवली, प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि तोच मोठ्या अक्षरातला कागद उलगडला.

"आता माहाही काढून ठेव," ते म्हणाले. "माह्या कमानी तुटक कर."

"वाजवणार कोण मंग?"

"वाजवाले कोण राह्यलं? तू आ लावजो. तुही एक कमान टाक त्याच्यात, भरीव. जिथं झेपते तिथं."

मी वाद घातला नाही. मास्तरांसमोर घातला असता. देवरावभाऊंच्या सगळ्या कमानी तुटक केल्या. पाच जणांच्या पाच, एकीवर एक, कुठे खेटत नाहीत ना ते बघून. मग दार लोटून घेतलं, खुर्चीत ताठ बसले आणि आ लावून माझा दम किती ते पाहिलं. तेवढी एक कमान लांब ओळीच्या शेंड्यावर टाकली. टोक नेमकं दाण्यावर उतरवलं. प्रिंट काढली, भिंतीला लावली. देवरावभाऊ रस्त्यावर जाऊन उभे राहिले. त्यांना एवढ्या लांबून दिसत नाही हे मला माहीत आहे. तरी ते पाय आपटत बराच वेळ बघत राहिले.

मग आत आले आणि भिंतीवरच्या कागदापाशी अगदी नाक लावून त्यांनी माझ्या कमानीच्या टोकावर बोट ठेवलं.

"हे मांगं घे थोडं."

"काहून? मी पाह्यलं ना आता लावून. पुरते मले तेवढा दम."

"आज पुरते," देवरावभाऊ म्हणाले. "त्या दिवशी तू रडून राह्यली असशीन."